अकरा गाळे आणि एक टोपलं सांबार

भाव न करता घेतलेली एकही वस्तू माझ्या मोठीआईच्या घरात नाही. श्वाससुद्धा ती थोडी घासाघीस करूनच घेत असावी, असा मला लहानपणी संशय होता. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठेबाबा मी शाळेत जायच्या आधीच गेले, त्यामुळे माझ्या आठवणीत ती पहिल्यापासून एकटीच आहे. बार्शीटाकळीजवळच्या वावरात पहाटे भाजी तोडायची, टोपली टेम्पोत घालून अकोल्याला आणायची आणि बाजारात पोतं अंथरून संध्याकाळपर्यंत विकायची. असं चाळीस वर्षं. या चाळीस वर्षांत तिची अशी पक्की समजूत झाली की जगात कोणत्याही गोष्टीची पहिली सांगितलेली किंमत ही नुसती बोलणं सुरू करण्यासाठी असते. दवाखान्यात ती डॉक्टरांना विचारते, "सात दिवसांच्या गोळ्या पाच दिवसांत होत नाई काय?" एसटीत कंडक्टरनं तिकिटाचे पैसे सांगितले की म्हणते, "मी तं अलीकडंच उतरतो न बाप्पा." मी चौथीत असताना आईला ताप होता म्हणून माझ्या इंग्रजी शाळेच्या पालकसभेला मोठीआई आली. हातात मेथीच्या दोन जुड्या होत्या. त्या तिनं प्रिन्सिपल मॅडमच्या टेबलावर ठेवल्या आणि सगळ्या पालकांसमोर विचारलं, "मॅडम, फीमध्ये काई कमीजास्त होते काय?" मी बाकाखाली गेलेली चप्पल शोधायचं निमित्त करून पाच मिनिटं खालीच राहिले. वर आले तेव्हा मोठीआई मॅडमना मेथी निवडायची सोपी रीत सांगत होती आणि मॅडमनी त्या वर्षाचे माझ्या स्कूलबसचे दोन महिन्यांचे पैसे माफ केले होते. ते कसं झालं हे मला आजवर कळलेलं नाही. मी खाली होते ना.

पण भाव करणाऱ्या माणसांबद्दल जे वाटतं ते तिच्याबद्दल वाटून घेऊ नये. काट्यापाशी बसून ती कधी खोटं बोलली नाही. एखादी बाई वांग्यांवर वाकून विचारायची, "चांगली आहेत ना हो मावशी?" तर मोठीआई सरळ सांगायची, "या हप्त्यात आळी आहे वं. ढेमसं ने. वांगे पुढच्या बुधवारी." बाजारातल्या शेजारणी कपाळाला हात लावायच्या. पण ती बाई पुढच्या बुधवारी यायचीच, आणि मग वर्षानुवर्षं येत राहायची. वावरातला माल कमी पडला तर मोठीआई मंडीतल्या हर्रासीतून, म्हणजे लिलावातून, थोडा विकत आणून ठेवायची, पण तो वेगळ्या फडक्यावर. गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी सांगायची, "हा माहा नाही, आणलेला आहे." आपला माल आणि आणलेला माल यांच्यामध्ये तिच्या पोत्यावर जी हातभर जागा असायची, तिच्याइतकी पक्की हद्द मी पुढे जमिनीच्या कागदपत्रांतही फार क्वचित पाहिली.

तीन वर्षांपूर्वी नव्या रस्त्यात ते वावर गेलं. विहिरीसकट गेलं. बदल्यात बँकेत एक मोठी रक्कम आली, आणि बासष्टाव्या वर्षी मोठीआई पहिल्यांदा रिकाम्या हातानं आमच्याकडे अकोल्याला राहायला आली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, पुण्याला असतो. त्यानं फोनवर सांगितलं की सगळे पैसे त्याच्या फ्लॅटमध्ये घाल, तुझी एक खोली राहील. मोठीआईनं विचारलं, "त्या खोलीतून दर महिन्याले काय निघते?" दादा म्हणाला, "आई, खोलीतून काय निघणार? राहायची असते ती." मोठीआई मला म्हणाली, "मंग ते वावर नाही झालं, बाप्पा. ते तं नुसतं बांधावर बसनं झालं." तिचं म्हणणं साधं होतं. वावर एकच होतं, ते गेलं. आता हे पैसेही एकदाच आहेत. यांचं दुसरं वावरच व्हायला पाहिजे, ज्यातून काहीतरी उगवत राहील, आणि ते घेताना चूक झाली तर तिसरं वावर नाही. हे तिनं एकदाच सांगितलं, पालक निवडता निवडता. त्यानंतर तिला कितीही विचित्र वागताना पाहिलं तरी मला ते वाक्य आठवायचं आणि मी गप्प बसायचे. तसंही मी गप्पच बसते.

ओळखीतून एक दलाल आला. पन्नाशीचा, केस काळे केलेला, खिशाला तीन पेनं. त्यानं जठारपेठेतलं एक कॉम्प्लेक्स सुचवलं. मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, वस्तीच्या मधोमध, अकरा गाळ्यांचं. किराणा, मेडिकल, बेकरी, पिठाची चक्की, झेरॉक्स, मोबाइल दुरुस्ती, चष्म्याचं दुकान, पार्लर, लेडीज टेलर, दातांचा दवाखाना, आणि कोपऱ्यावर सगळ्यांत मोठा गाळा, त्यात काचेच्या दाराचं कपड्यांचं शोरूम. एकूण भाड्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या एकाच गाळ्याचा. "आईजी," दलाल म्हणाला, "फुल्ल भाड्यानं गेलेलं आहे. एक गाळा रिकामा नाही. सगळ्यांचे करार झालेले. रजिस्ट्री केली की दुसऱ्या दिवसापासून भाडं सुरू. तुम्हाले काहीच करायचं नाही, नुसतं बसून खायचं." त्याला वाटलं, हे ऐकून म्हातारी खूश होईल. मोठीआईच्या चेहऱ्यावर मात्र पावसाळ्यात टमाटरचा भाव अचानक पडल्यावर यायचा तसा भाव आला.

"भरलेलं टोपलं वरून नाही पाहत, बाप्पा," ती म्हणाली. "वरती तं समदेच चांगले ठेवते. खालचं काढून दाखव."

"खालचं म्हणजे काय आईजी? सिमेंटचं आहे ते."

मग ती स्वतःच ते बघायला गेली आणि मलाही घेऊन गेली. मी तेव्हा अमरावतीला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा संपवून घरी आले होते. इंग्रजी करार वाचायला घरातलं माणूस पाहिजे म्हणून माझी नेमणूक झाली. तिनं कलिंगड वाजवावं तसे खांब बोटानं वाजवले. भिंतीचा एक पोपडा नखानं काढून हुंगला. दातांच्या दवाखान्यात जाऊन तपासून घ्यायचे किती घेता, दात कमी असले तर कमी घेता काय, असं विचारलं. आणि परत येताना ऑटोत म्हणाली, "एका दिवसात काई समजत नाही. तीन शनिवार बसा लागते." कुठे बसा लागते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

ती त्या कॉम्प्लेक्सच्या पायऱ्यांपाशी भाजी विकायला बसली. पोतं, काटा, टोपलं, सगळं जुनंच. नवा फक्त माल. पहाटे हर्रासीतून सांबार, मेथी, मिरच्या, लिंबं आणायची आणि ऑटोनं जठारपेठेत. सांबार म्हणजे आमच्या वऱ्हाडातली कोथिंबीर; पुण्याच्या वहिनीला हे सांगून सांगून दादा थकला आहे. बँकेत अख्ख्या कॉम्प्लेक्सचे पैसे असलेली बाई दहा रुपयांच्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसली, आणि तिच्या शेजारी डोक्यावरून ओढणी घेऊन मी. शाळेतल्या दोन मैत्रिणी त्याच वस्तीत राहतात. पहिले चार दिवस मी प्रत्येक स्कूटीचा आवाज ऐकला की जुड्या मोजायला मान खाली घालायचे. मोठीआई म्हणायची, "आवाज दे न वं. सांबार घ्या म्हन." माझ्या घशातून काही निघायचं नाही. मग तीच खणखणीत ओरडायची आणि बाई थांबली की त्याच दमात सांगायची, "माहा नाही हा, हर्रासीतून आणला." मी दबक्या आवाजात म्हटलं, "मोठीआई, इथे कोण विचारतंय?" ती म्हणाली, "मी सांगून राहिली न. कोनी विचारलं कायले पायजे?" निम्म्या बायका हे ऐकून पुढे जायच्या. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती विकायला बसलीच नव्हती, पण विकायला बसल्यावर जे पाळायचं ते पाळत होती.

आणि काय काय बघत होती! मी वहीत लिहून घेत असे, वकिलीची सवय. चक्कीवर दळण टाकून बाया अर्धा तास मोकळ्या होतात, तेवढ्यात बेकरी आणि टेलर चालतो. चष्मेवाला दिवसभर माशा मारतो, पण संध्याकाळी सहाला त्याच्याकडे रांग. झेरॉक्सवाला स्वतः दुकान झाडतो, पायरीसकट, म्हणजे तो हलणार नाही. आणि जिन्याखाली एक इस्त्रीवाले काका होते, टेबल टाकून. ते कुठल्याच करारात नव्हते. मोठीआईनं दोन दिवसांत शोधून काढलं की वस्तीतल्या बाया आधी त्यांच्याकडे गाठोडं टाकतात आणि मग पायऱ्या चढतात. "झाडाचं मूळ जिन्याखाली आहे," ती म्हणाली, "अन् मालक त्यालेच उपटून राहिला." खरंच, कॉम्प्लेक्स विकायचं तर जिन्याखाली नीटनेटकं दिसायला पाहिजे म्हणून मालकानं त्यांना महिनाअखेरीस उठायला सांगितलं होतं. काकांनी हे मोठीआईला सांगितलं ते रस्त्यावर बसणाऱ्याचं दुखणं रस्त्यावर बसणाऱ्यालाच कळेल म्हणून. ती त्यांचा शर्ट बघून म्हणाली, "सोताचा शर्ट तं इस्तरी करत जा, भाऊ."

शनिवारी ती लिंबू-मिरची करायची. काळ्या दोऱ्यात सात मिरच्या, एक लिंबू, अशी अकरा. मी एकेका दुकानात नेऊन द्यायचे, आणि जुनं काढून नवं टांगलं जातं का हे बघून यायचे. पहिल्या शनिवारी अकराच्या अकरा गेली. दातांचे डॉक्टर म्हणाले, "मी सायन्सचा माणूस आहे," आणि खाली येऊन स्वतःच्या हातानं स्कूटरला बांधून गेले. दुसऱ्या शनिवारी शोरूमचा मॅनेजर म्हणाला, "राहू द्या, मागचं आहे." तिसऱ्या शनिवारी मागचं वाळून काळं पडलं होतं, आणि तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आता काय करायचं ताई." मी येऊन मोठीआईला सांगितलं. तिनं मिरच्यांवरचा हात थांबवला. "मंग तो जाते," ती म्हणाली. "ज्याले राहायचं असते तो नजर लागाले भेते. ज्यानं मनातून दुकान सोडलं, त्याले कोनाच्या नजरेचं भेव?"

त्याच दुपारी दलाल आला. शोरूमवाल्यानं पायऱ्यांवर भाजीवाली बसते म्हणून मालकाकडे तक्रार केली होती, आणि मालकानं याला पाठवलं होतं. त्यानं गाडी स्टँडवर लावली, गॉगल काढला आणि लांबूनच आवाज दिला, "ओ मावशी, उठा उठा. टोपलं उचला इथून. इथं मोठी पार्टी येऊन राहिली पाहाले."

मोठीआईनं उन्हासाठी तोंडावर ओढलेला पदर मागे सारला. "पार्टी मीच आहो न, बाप्पा," ती म्हणाली. "बस. सांबार नेतं का घरी?"

तो खरंच पायरीवर बसला. त्याच्या खिशातलं एक पेन खाली पडलं ते मी उचलून दिलं. मग तो म्हणाला, "आईजी, तीस वर्षं या धंद्यात आहे मी." आणि सांबाराच्या दोन जुड्या घेऊन गेला. भाव न करता. मोठीआईला ते आवडलं नाही.

त्या रात्री दादाचा फोन आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतंच. "आई, तू त्या कॉम्प्लेक्ससमोर भाजी विकून राहिली? लोक काय म्हणतील?" मोठीआई म्हणाली, "लोक म्हनतेत दहाले दोन दे."

करार माझ्याकडे आले ते अकरा जाड फायलींमध्ये. दहा ठीक होते. अकरावा, शोरूमचा, पाच वर्षांचा होता आणि दलाल बोट ठेवून ते "पाच वर्षं" दाखवायचा. पण आत, सतराव्या पानावर, लहान अक्षरांत होतं की पहिल्या तीन वर्षांनंतर भाडेकरू एका महिन्याची नोटीस देऊन कधीही जाऊ शकतो. तीन वर्षं संपून चार महिने झाले होते. मी ते पान मोठीआईला वाचून दाखवलं. मला वाटलं ती घाबरेल, मागे फिरेल. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "लिंबानं सांगितलं तेच कागद सांगून राहिला," ती म्हणाली. "म्हंजे कागद खरा आहे." मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "उद्या हे तू सांगजो. मी सांगितलं तं म्हनतीन, बुढीले काय समजते."

मालकाच्या घरी मी एक ओळ दहा वेळा मनात म्हणून गेले होते. गुबगुबीत सोफा, काजू, चहा. मालक सज्जन वाटणारे गृहस्थ होते. सारखे म्हणत होते, "फुल्ल आहे ताई, फुल्ल. बोलायला जागाच नाही." मी ती ओळ बोलले. कपबशीच्या आवाजात ती बुडाली. "काय म्हणाली पोरगी?" त्यांनी दलालाला विचारलं. माझे कान तापले. मोठीआईनं माझ्याकडे न बघता काजू उचलला आणि म्हणाली, "पुन्हा सांग. हळू सांग, पन सांग."

मी पुन्हा सांगितलं. सतरावं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. मालकांनी ते वाचून दलालाकडे पाहिलं. मोठीआई म्हणाली, "कोपऱ्याचा गाळा मी रिकामा धरतो. दहा भरलेल्याचे पैशे देतो, अन् एका रिकाम्याचे रिकाम्यासारके देतो." मालक म्हणाले, अशक्य. आता भाव करण्याच्या शास्त्राप्रमाणे गिऱ्हाइकानं उठून चालू लागायचं असतं. पण माझ्या मोठीआईची एक अडचण होती. चाळीस वर्षं ती बसलेली होती, उठून जायच्या त्या गिऱ्हाईक बाया. ती भूमिका तिनं कधी केलीच नव्हती. तिनं क्षणभर विचार केला, आणि मग मला दिसलं की ती बाजारातल्या तिच्या सगळ्यांत चिकट गिऱ्हाइकाची हुबेहूब नक्कल करते आहे. उठली, पदर खोचला, "जाऊ द्या, नाही जमत" म्हणाली, दारापर्यंत गेली, चप्पल घातली आणि पिशवी मुद्दाम सोफ्यावर विसरली. पिशवीसाठी परत आली. परत आल्यावर उभ्याउभ्या म्हणाली, "शेवटचं सांगा." असं तीनदा. तिसऱ्या वेळी मालकच पिशवी हातात घेऊन दारात उभे होते, आणि हसत होते. "घ्या," ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तसं."

"अन् वरून काय देता?" मोठीआईनं विचारलं.

वजन झाल्यावर मूठभर वरून टाकणं हा तिचा नेम होता, आणि घेताना वरून मागणं हाही. मालकांना वाटलं ती थट्टा करते आहे. "वरून काय देऊ? जिना देऊ?"

"जिन्याखालचं द्या. त्या इस्तरीवाल्यासकट. कागदात लिहून द्या."

माझ्या आयुष्यातला तो पहिला मसुदा. जिन्याखालची जागा, लांबी-रुंदी, टेबल, विजेचं एक कनेक्शन. तो मी मालकांच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. मोठीआईला वाचता येत नाही, पण प्रत्येक ओळ पुरी झाली की ती कागदावर वाकून बघायची आणि जुडी बांधून झाल्यावर मारते तशी टिचकी मारायची.

शोरूम दुसऱ्याच महिन्यात गेलं. दादा फोनवर म्हणाला, "बघ, म्हटलं होतं." मोठीआई म्हणाली, "मी बी म्हटलं होतं. तुह्या अगोदर." तो गाळा दिवाळीभर रिकामा राहिला. तिच्या कपाळावर एक आठी होती, पण तेवढीच. मग तिनं मध्ये भिंत घातली. अर्धा भाग लेडीज टेलरनं वाढवून घेतला, अर्ध्यात वस्तीतल्या दोन बहिणींनी पापड-कुरड्यांचं दुकान टाकलं, आणि दोन्ही मिळून शोरूमपेक्षा थोडं जास्तच भाडं सुरू झालं. इस्त्रीवाले काका आता इस्त्री केलेला शर्ट घालतात. दलाल नव्या गिऱ्हाइकांना सांगतो म्हणे, की साहेब, एखादा आठवडा समोर बसून पाहा. म्हणजे वावर झालं. ठीक उगवतंही आहे. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण मागच्या वर्षी सुट्टीत अकोल्याला गेले तेव्हा मोठीआई घरात बसलेली होती. दुपारी, पंख्याखाली, रिकाम्या हातानं. मी विचारलं, कॉम्प्लेक्सवर जात नाहीस का? ती म्हणाली, "जाऊन काय करू? गेली की समदे उभे राहतेत. मेडिकलवाला खुर्ची देते. डॉक्टर म्हनते, दात फुकट पाहून देतो." एकदा तिला राहवलं नाही, ती टोपलं घेऊन पायऱ्यांवर जाऊन बसली. पाच मिनिटांत सगळ्या भाडेकरूंनी मिळून अख्खा सांबार घेऊन टाकला. "दहा म्हटलं तं दहा दिले," ती मला म्हणाली, आणि तिच्या आवाजात मी याआधी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं. "सारेच्या सारे. एकानं बी कमी कर म्हटलं नाही. याले काय विकनं म्हनतेत?" भाडं तर आता मोबाइलवर येतं. महिन्याच्या पाच तारखेपर्यंत फोन अकरा-बारा वेळा वाजतो आणि तो महिना आटोपतो. तिच्याशी घासाघीस करायला जगात कोणी उरलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्याच्या आधी ती माझ्याकडे अमरावतीला आली. मी इथे एका वकिलांकडे काम करते, एक खोली भाड्यानं घेतली आहे. "तुही खोली पाहाले येतो," म्हणाली होती. दोन दिवस तिनं खोली पाहिली. घरमालकांकडून माझं भाडं थोडं कमी करून घेतलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोर्टातून आले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, सकाळीच पिशवी घेऊन गेल्या. मी घाबरून चौकापर्यंत आले. तिथे एक नवं कॉम्प्लेक्स झालं आहे, वर क्लासेस, खाली दुकानं, बाहेर 'सर्व गाळे भाड्याने गेले' असा मोठा बोर्ड. क्लास सुटला होता, गाड्यांची गर्दी. त्या गर्दीच्या कडेला, बोर्डाच्या बरोबर खाली, पोतं अंथरलेलं, टोपलं, आणि माझी मोठीआई.

"हेही घेतेस की काय?" मी विचारलं.

"नाही वं," ती म्हणाली. "नुसतं पाहून राहिली."

तेवढ्यात एक तरणी बाई स्कूटीवरून उतरली. हेल्मेट न काढता तिनं जुडी उचलली, देठ मोडून पाहिला आणि म्हणाली, "दहाला एवढीशी? पाच द्या." मोठीआईचा चेहरा असा उजळला की मी तिच्याकडे बघतच राहिले. "पाच? पाचले तं पानी येत नाही बाई आता!" ती बाई म्हणाली, मग ठेवा. मोठीआई म्हणाली, ठेवून द्या. ती बाई स्कूटीपर्यंत गेली आणि परत आली. पंधराला दोन ठरल्या, आणि मोठीआईनं वरून चार मिरच्या टाकल्या. दोघीही जिंकल्यासारख्या दिसत होत्या. मी ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन तिच्या शेजारी पोत्यावर बसले होते. या वेळी ओढणी डोक्यावरून घ्यायचं मला सुचलं नाही.

पिशवी बांधता बांधता त्या बाईनं जुडी नाकाशी नेली. "छान वास आहे हो. कुठला आहे?"

मी सवयीनं 'माहा नाही'ची वाट पाहिली. सकाळी तिनं तो इथल्याच हर्रासीतून आणला होता, टोपल्याला अजून मंडीची ओली चिठ्ठी चिकटलेली होती. मोठीआईनं सांबाराकडे पाहिलं. मग रस्त्याकडे. मग त्या बाईला म्हणाली,

"बार्शीटाकळीचा. माह्या वावरातला."

ती बाई गेली. मोठीआई माझ्याकडे बघेना. मी टोपल्यावरची ती ओली चिठ्ठी काढली, चुरगळून बॅगेत टाकली, आणि उरलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. क्लासची दुसरी बॅच सुटत होती. "सांबार घ्या," मी म्हटलं. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं.